नवतप्यात रेड वाइन: हलकी निवडा, गार करा, गार ठेवा

मे महिन्यात पुण्या-मुंबईचा पोरगा किंवा जावई गावी येताना एखादी बाटली आणतो आणि ती हमखास रेड वाइन निघते. मग कोणीतरी माहीतगार सांगतो, ‘अरे भाऊ, रेड फ्रिजमध्ये नसते ठेवत, ती रूम टेंपरेचरलाच प्यायची राहते.’ झालं! बाटली टेबलावर, टेबल स्लॅबच्या खोलीत, आणि स्लॅब दिवसभर तापलेला. रात्री नऊला घोट घेतला की तोंडात नुसता अल्कोहोलचा भपका येतो. मग ‘वाइन काही आपल्यासाठी नाही’ असं ठरवून मंडळी पुन्हा बिअरकडे वळतात.

ज्या रूमवरून हा नियम निघाला ती युरोपातली, जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात दिवसा पारा ४४-४५ वर असतो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, त्याहून वर, आणि दिवेलागणीनंतरही घरात ३५ च्या खाली येईल तर शपथ. म्हणजे आपल्याकडे कुठलीही रेड वाइन आधी गारच करावी लागते. काही रेड तर मुद्दाम गार पिण्यासारख्याच असतात. त्या कोणत्या, कुठून आणायच्या, लाइन गेली तर गार कशा करायच्या आणि कशासोबत घ्यायच्या, ते पाहू.

गार केल्यावर काय होतं

रेड वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतून येतो. रस सालीसकट आंबवतात, तेव्हा सालीतून आणि बियांतून टॅनिनही उतरतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. वाइन जितकी गार, तितका हा तुरटपणा बोचतो आणि कडवट लागतो. उलट अल्कोहोलची जळजळ थंडीत दबते, आंबटपणा तरतरीत लागतो, आणि फार गार केली तर वासच मरतो.

यातून निवडीचा नियम आपोआप निघतो. गार प्यायची रेड कमी तुरट हवी, आंबटपणा चांगला हवा, अल्कोहोल ११ ते १३ टक्क्यांच्या आसपास हवं, आणि ओक लाकडाच्या पिंपात ती महिनोन्‌महिने मुरवलेली नको. लाकडातूनही टॅनिन येतं. (पुढे येणारी नावं द्राक्षाच्या जातींची, वाइनलाही सहसा तेच नाव असतं.) कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा पिंपात ठेवलेली दमदार शिराझ फ्रिजमधून थेट काढून प्यायली तर तोंड आंबट-कडू होईल. ती वाइन वाईट नसते, तिला फक्त १६ ते १८ अंश लागतात. आणि तेवढीही आपल्याकडे उन्हाळ्यात गारच करावी लागते, हे विसरू नका.

आकडे एकदा लक्षात ठेवा. बुडबुड्यांची हलकी लाल वाइन ८ ते १० अंशांवर, गामे किंवा तिच्यासारखी हलकी १२-१३ वर, आणि पिनो नुआर, साधी झिनफँडेल, सांजोवेझे १४-१५ वर. घरच्या फ्रिजचं तापमान चार-पाच अंश असतं. म्हणजे थेट फ्रिजमधली बाटली यातल्या सगळ्यांसाठीच जास्त गार, आणि टेबलावरची सगळ्यांसाठीच जास्त गरम.

द्राक्षाच्या जाती

सगळ्यात आधी नाव घ्यायचं ते गामेचं. फ्रान्समध्ये बोजोले नावाचा भाग आहे, तिथलं हे द्राक्ष. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, हे द्राक्ष आपल्या मुलखातून हद्दपार करायचा हुकूम काढला होता. त्याला पिनो नुआर प्यारं होतं. गामे दक्षिणेकडे बोजोलेत टिकून राहिलं आणि तिथे त्याचं सोनं झालं. तिथली एक पद्धत मजेशीर आहे. द्राक्षं चिरडत नाहीत, अख्खे घड बंद टाकीत भरतात, टाकीत कार्बन डायऑक्साइड कोंडतात आणि आंबण्याची सुरुवात मण्याच्या आतच होते. रंग उतरतो, पण टॅनिन फारसं उतरत नाही. म्हणून या वाइनला स्ट्रॉबेरी, केळी अशा फळांचा वास असतो आणि ती गार छान लागते. नव्या हंगामाची बोजोले नुव्हो दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. ती लगेच प्यायची असते, पुढच्या मेपर्यंत राखून ठेवण्यात अर्थ नाही.

पिनो नुआर पातळ सालीची, नाजूक आणि महाग. इटलीत बार्बेरा आहे, तिच्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा कमी. व्हेरोना शहराच्या बाजूची साधी वाल्पोलिचेल्ला आणि बार्दोलिनो, सिसिलीची फ्रापातो, आल्प्सच्या पायथ्याची स्कियाव्हा या सगळ्या याच पठडीतल्या. फ्रान्सच्या लुआर नदीकाठची काबर्ने फ्रां गार चालते. दक्षिण फ्रान्सचं सिन्सो, ऑस्ट्रियाचं त्स्वाइगेल्ट आणि चिलीचं पाइसही. एमिलिया-रोमान्याची लांब्रुस्को तर बुडबुड्यांचीच, तिच्याबद्दल जेवणाच्या भागात बोलू.

आता ही यादी वाचून तालुक्याच्या दुकानात जाल तर दुकानदार तुमच्याकडे पाहत राहील. यातलं बहुतेक काही तिथे नसतं. नागपूरच्या मोठ्या दुकानात थोडंफार मिळेल, पण परदेशी वाइनवर कर जबर, त्यामुळे बोजोलेची साधी बाटलीही खिशाला बोचते. आपलं काम देशी बाटलीवर चालवायचं आहे आणि ते चालतं.

महाराष्ट्रात वाइनची द्राक्षं मुख्यतः नाशिककडे, त्याखालोखाल सोलापूर-सांगली पट्ट्यात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. ऊन कडक, साखर लवकर भरते, साखरेतून अल्कोहोल होतं. म्हणून आपल्या रेड वाइन सहसा १३ टक्क्यांच्या आगेमागे आणि भरदार. त्यातही बागाईतदारांचा ओढा शिराझ आणि कॅबर्नेकडे. अगदी हलकी देशी रेड म्हणून शोधायला गेलात तर निवड थोडीच आहे, हे मान्य करून पुढे जाऊ.

त्यातल्या त्यात हे पाहा: सुलाची लाल झिनफँडेल, अकलूजकडच्या फ्रटेलीची सांजोवेझे, निफाडकडच्या रेव्हेलोच्या इटालियन जातींच्या वाइन, किंवा कुठल्याही वायनरीची साधी, बिनपिंपाची मर्लो अथवा तेंप्रानिल्यो. झिनफँडेलचं रोझेही येतं, रंग गुलाबी. रोझे तर गारच प्यायची असते, त्यामुळे काहीच जमलं नाही तर ती निर्धास्त घ्या. माझं मत विचाराल तर मे महिन्यात मी महागड्या, सहसा पिंपात मुरवलेल्या ‘रिझर्व्ह’ बाटलीपेक्षा त्याच कंपनीची स्वस्त, ताज्या सालची बाटली घेईन. रिझर्व्ह दिवाळीनंतर काढा.

दुकानात लेबल वाचताना

द्राक्षाची जात पाहिली की साल पाहा. हलकी वाइन एक-दोन वर्षांच्या आतली हवी. मग अल्कोहोलचा टक्का पाहा. साडेतेराच्या वर असेल तर सोडा. ‘रिझर्व्ह’, ‘ओक’, ‘बॅरल’ हे शब्द दिसले तर ही बाटली आजच्या कामाची नाही. झाकण फिरकीचं असेल तर उत्तम, गावात बूच काढायचा स्क्रू शोधत फिरावं लागत नाही. (बूच आत ढकलून वाइन पिण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. चालवायचा असेल तर चहाची गाळणी जवळ ठेवा.)

लेबलपेक्षाही मोलाचं म्हणजे बाटली आजवर कुठे उभी होती. आपल्या तालुक्यांत ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते, पण आत खप व्हिस्की, रम आणि बिअरचा. वाइनच्या चार बाटल्या शोभेला काचेपाशी मांडलेल्या असतात, दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. दोन उन्हाळे अशा काढलेल्या बाटलीत वाइन शिजलेली असते. तिला उकडलेल्या मनुकांचा वास येतो आणि रंग विटकरी होतो. म्हणून काचेपाशी मांडलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. बूच तोंडाच्या वर आलेलं असेल, बुचाच्या कडेने चिकट ओघळ असेल किंवा वाइनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल, तर उष्णतेने ती फुगून गळलेली आहे.

बिअर शॉपीतही वाइन मिळते आणि तिथे एक फायदा असा की बिअरचे मोठे फ्रिज दिवसभर चालू असतात. ओळखीचा शॉपीवाला असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा: ‘भाऊ, दोन बाटल्या फ्रिजात टाकून ठेवजा, उद्या संध्याकाळी येतो.’ अर्धं काम तिथेच झालं.

आणण्याचा रस्ता

हे विदर्भातलं, कुठल्याही वाइनच्या पुस्तकात नसलेलं प्रकरण आहे. वर्धा आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दारूबंदी आहे. वर्ध्यात गांधीजींच्या सेवाग्राममुळे, गडचिरोलीत १९९३ पासून, लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. वाइनही या बंदीत येते, ‘ही तर द्राक्षाची आहे साहेब’ हे चालत नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नागपूरहून अमरावतीला निघालं की कोंढाळी ओलांडल्यावर कारंजा (घाडगे) आणि तळेगाव लागतात, दोन्ही वर्धा जिल्ह्यात. यवतमाळचा रस्ता वर्धा, देवळीवरून जातो. पांढरकवड्याला जाताना हिंगणघाट लागतं, चंद्रपूरला जाताना जाम. समृद्धी महामार्गही वर्ध्यातूनच. म्हणजे नागपूरहून या नेहमीच्या रस्त्यांनी पश्चिमेला किंवा दक्षिणेला बाटली न्यायची तर बंदीचा जिल्हा ओलांडावा लागतो. ती जोखीम घेऊ नका. अमरावती, अकोला, यवतमाळवाल्यांनी आपल्याच जिल्ह्यात घ्यावी. नागपूर, भंडारा, गोंदियावाल्यांना हा प्रश्न नाही. आणि ज्यांचं घरच वर्धा-गडचिरोलीत आहे, त्यांनी हा लेख इथेच थांबवून कोकमाचं सरबत करावं, मी थट्टा करत नाहीये.

बाकी जिल्ह्यांतही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो, एक दिवसाचा परवाना सहसा दुकानातच मिळतो. वयाची अट आहेच. पावती जपून ठेवा.

प्रवासात उष्णता हाच शत्रू. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत पन्नास अंश सहज होतात, मोटरसायकलच्या टाकीवरच्या बॅगेत तर खालून इंजिनचीही धग. एसटीने येत असाल तर बाटली पायापाशी नको, पत्रा तापतो. औषधवाल्याकडे किंवा मासेवाल्याकडे थर्माकोलचा डबा मिळतो, तो मागून आणा. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या. निघायचं पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. दुपारी एकला बाटली घेऊन निघणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

घरी ठेवणं

टिनाखाली ठेवू नका. गावात जुनं ढाब्याचं मातीचं घर असेल तर त्याच्या आतल्या खोलीसारखी जागा नाही, जाड भिंतींमुळे दिवस-रात्रीचा फरक आत कमी पोचतो. स्लॅबचं घर असेल तर उत्तरेकडची खोली, खालचा मजला, पलंगाखाली फरशीवर. फ्रिजमध्ये जागा असेल तर आठवडाभर फ्रिजमध्येच ठेवा, साध्या वाइनचं काही बिघडत नाही. ज्यांनी सांगितलं असेल की फ्रिजमध्ये वाइन मरते, त्यांना आपल्या मे महिन्यातलं कपाट दाखवा.

गार करण्याच्या चार पायऱ्या

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण नव्वद टक्के काम इथेच आहे.

पहिली पायरी फुकटची, बाष्पीभवनाची. आपला उन्हाळा कोरडा आहे, हे आपलं भाग्य. मुंबईत माठ नावालाच गार होतो, आपल्याकडे दुपारी चारला माठाचं पाणी दात शिवशिवतील इतकं गार वाटतं. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. बाटलीला जुनं सुती धोतर किंवा पोत्याचा तुकडा गुंडाळा, पाण्याने भिजवा आणि ओसरीवर, सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. दर अर्ध्या तासाने पाणी शिंपडा. दुसरा प्रकार त्याहून सोपा: माठाखाली ओली रेती असते ना, तिच्यात बाटली मानेपर्यंत रोवून ठेवायची. लेबल भिजून निघतं, तेवढं सोसा. या दोन्ही प्रकारांनी ४२ अंशांची बाटली २५-२६ पर्यंत उतरते. त्याखाली उतरत नाही, हवेतली वाफ आडवी येते. कूलरच्या खोलीत ठेवून फायदा कमी, तिथली हवा आधीच ओली असते. बाटली ठेवायचीच असेल तर कूलरच्या मागे, ताटीसमोर ठेवा, जिकडून कोरडी हवा आत ओढली जाते.

विहीर असेल तर आंबे सोडतो तशी बाटली बादलीत घालून पाण्यात सोडा. विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही साधारण २६ ते २८ अंश राहतं. दोर पक्का बांधा.

दुसरी पायरी फ्रिज. ओल्या फडक्याने २६ ला आणलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर १३ वर यायला दोन-अडीच तास लागतात. बाहेरून ४० अंशांची आणून तशीच ठेवली तर त्याहून बराच जास्त वेळ लागतो, कारण उन्हाळ्यात फ्रिज स्वतःच धापा टाकत असतो, व्होल्टेज कमी, दार पोरं पाण्यासाठी दर पाच मिनिटांनी उघडतात. म्हणून पहिली पायरी गाळू नका. बर्फाच्या कप्प्यात ठेवायची असेल तर अर्धा-पाऊण तास, आणि मोबाइलवर अलार्म लावून. विसरलात तर वाइन गोठून फुगते, बाटली तडकते किंवा बूच वर येतं.

तिसरी पायरी बर्फ. लाइन गेली, पाहुणे आले, तासाभरात जेवण, तर हाच मार्ग. बकेट किंवा खोल गंज (पातेलं) घ्या, बाटलीच्या मानेपर्यंत भरेल असा. अर्धा बर्फ, अर्धं पाणी. नुसता बर्फ घालू नका. खड्यांच्या मधल्या फटींत हवा राहते आणि बाटली गार व्हायला वेळ लागतो. पाणी घातलं की बाटलीला चारी बाजूंनी थंडी भिडते. वरून दोन-तीन मुठी जाडं मीठ टाका, पाणी शून्याखाली जातं. मधूनमधून बाटली हाताने फिरवा. २६ अंशांची बाटली पंधरा मिनिटांत १२-१३ वर येते, मीठ घातलं असेल तर त्याआधी. बारा मिनिटांनी एक घोट चाखून पाहाच. बर्फ गोळ्याच्या गाडीवाल्याकडून किंवा बर्फाच्या कारखान्यातून आणला असेल तर तो बकेटीतच राहू द्या, ग्लासात टाकू नका. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही.

चौथी पायरी म्हणजे गार झालेली गार ठेवणं, आणि हीच बहुतेकांची सुटते. उघडलेली बाटली टेबलावर ठेवली की अर्ध्या तासात ती पुन्हा पंचविशीकडे निघते. बकेट टेबलाशेजारी स्टुलावर ठेवा, बर्फ संपला तरी पाणी ओतून देऊ नका. ओतून झालं की बाटली परत पाण्यात. बकेट नसेल तर ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली.

थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही. स्वयंपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर ऑनलाइन सहज मिळतो. नसेल तर हाताने पाहा: बाटलीचं अंग माठाच्या पाण्याहून ठळक गार, पण फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीहून कमी गार लागलं पाहिजे. बाटलीला घाम आला म्हणजे झाली, या खुणेवर विसंबू नका. आपल्या कोरड्या हवेत १२ अंशांच्या बाटलीला घाम फुटेलच असं नाही. तीच बाटली कूलरसमोर ठेवली की लगेच ओथंबते. रोहिणीचा एखादा पाऊस पडून गेला की हिशेब पुन्हा बदलतो.

ओतताना

ग्लासात थोडी ओता, पाऊण कप चहाएवढी, आणि पुन्हा पुन्हा ओता. ग्लास भरून ठेवला तर शेवटचे घोट कोमट होतात. बाटलीतली वाइन लक्ष्यापेक्षा दोन अंश जास्त गार ठेवा, ग्लासात पडताच ती वर चढते. आपल्याकडचा कपाटातला ग्लासच ३५ अंशांचा असतो. ग्लासही आधी गार पाण्यात बुडवून पुसून घ्या. दांडीचे ग्लास असतील तर दांडीलाच धरा. नसतील तर साधे काचेचे चालतील, फक्त भांडी घासायच्या साबणाचा वास त्यांना राहू देऊ नका. हलक्या वाइनचा वास मुळातच नाजूक असतो.

कशासोबत

तिखट खाल्ल्यावर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही जास्त जाळतात. सावजी मटणासोबत भरदार शिराझ घेतली की घशापासून कानापर्यंत आग. म्हणून सावजीसाठी अल्कोहोल कमी आणि किंचित गोडसर हवं. लांब्रुस्कोची गोडसर बाटली मिळाली तर तिच्यासारखी जोडी नाही, बुडबुड्यांनी तर्रीचं तेल जिभेवरून धुतलं जातं. सुलाची ‘दिया’ नावाची कमी अल्कोहोलची, गोडसर, बुडबुड्यांची वाइन लाल रंगातही आली आहे; नजरेस पडली तर सावजीसाठी हीच घ्या, चांगली आठ अंशांवर. दोन्ही नसेल तर रोझे. तीही नसेल तर सावजीसोबत ताक प्या, वाइन दुसऱ्या दिवशी काढा.

हलक्या लाल वाइनची आपल्याकडची खरी जोडी म्हणजे रोडगे किंवा पानगे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, कुस्करून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी. तुपाला आंबटपणा लागतो, तो वाइन देते. निखाऱ्याच्या धुराचा वास लाल फळाच्या वासाशी छान जमतो. भाजीत तिखट बेतानं टाकायला सांगा. देवाच्या रोडग्यांचा स्वयंपाक असेल तिथे हा विषय काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. शेतातल्या घरच्या जेवणाबद्दल बोलतोय.

भाजलेल्या वांग्याचं भरीत, पाटोडी, सांबारवडी, मुगाचे वडे, भाजलेले शेंगदाणे-कांदा, यांच्यासोबत १४ अंशांची झिनफँडेल किंवा सांजोवेझे सरळ चालते. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना तलावातले झिंगे आणि रोहू मिळतात. माशासोबत रेड नको म्हणतात ते तुरट, भरदार रेडबद्दल खरं आहे, तोंडात लोखंडासारखी चव येते. गार, कमी तुरट रेड तळलेल्या रोहूसोबत बिनधास्त घ्या. आमरसासोबत मात्र कुठलीच नको. गोडापुढे कोरडी, म्हणजे बिनगोडाची, वाइन निव्वळ आंबट लागते आणि आमरसाचंही नुकसान होतं.

बाटली उघडल्यावर निराशा झाली, वाइन जड निघाली किंवा उन्हाने थोडी उतरलेली वाटली, तर स्पेनमध्ये उन्हाळ्यात करतात ते करा: अर्धी वाइन, अर्धा गार लिंबू सोडा, भरपूर बर्फ (हा घरचा, पिण्याच्या पाण्याचा), वर मोसंबीची चकती. तिथे हे ‘तिंतो दे वेरानो’ म्हणून हॉटेलांत सर्रास मिळतं, कोणी नाक मुरडत नाही.

उन्हाचं भान

वाइनने तहान भागत नाही, उलट अंगातलं पाणी कमी होतं. दिवसभर शेतात किंवा लग्नाच्या मांडवात उन्हात राहिलेल्या माणसाने संध्याकाळी आधी पोटभर पाणी, ताक किंवा पन्हं घ्यावं, अंघोळ करावी, मग बसावं. दुपारी तर नाहीच. प्रत्येक ग्लासासोबत एक ग्लास पाणी, आणि उपाशीपोटी नाही. गार वाइन सरबतासारखी भराभर जाते, त्यात धोका जास्त. कोणाला डोकं दुखणं, मळमळ, अंग तापणं सुरू झालं तर त्याला ‘चढली’ म्हणून झोपवून देऊ नका. उष्माघाताचीही हीच लक्षणं असतात. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. परत जायला मोटरसायकल असेल त्याने पन्हंच प्यावं.

गावात वाइन असो की देशी, लोकांच्या लेखी ती दारूच. घरात कोणाला चालत नसेल तर ओसरीवर बाटल्या मांडू नका, सगळ्यांना विचारून मगच बसा.

उरलेली

चौघांत एक बाटली सहसा संपते. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस पिण्यासारखी राहते. मोठ्या बाटलीत थोडीशी उरली असेल तर ती लहान, स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, हवा जितकी कमी तितकी ती टिकते. बाहेर ठेवली तर आपल्या गरमीत दुसऱ्याच संध्याकाळी तिला शिरक्याचा वास येऊ लागतो. तशी ती झाली तर फेकू नका, पण मटणात ओतण्याचाही मोह टाळा, सावजी मसाल्यात तिचा काही पत्ता लागत नाही. कांदा पातळ चिरून त्यात मीठ, चिमूटभर साखर आणि ही आंबटलेली वाइन घालून तासभर मुरू द्या. भाकरीसोबत चांगला लागतो.